ग्रिडचे कान टोचायला सोनार बाहेरचाच हवा का?

लोकलप्रवासी (धागाकर्ता)

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय का कोणाला? सोमवार होता, कोव्हिडचे दिवस, लोकल फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांना. सकाळी दहाच्या सुमारास आमची गाडी मधेच थांबली, पंखे बंद, सगळे एकमेकांकडे बघतायत, आणि मग फोनवर फोन सुरू झाले तेव्हा कळलं की मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडेच गेलीये. काही भागात लाईट यायला संध्याकाळ उजाडली (म्हणजे मावळली). तेव्हा सांगितलं लाइन ट्रिप झाली, विषय संपला.

मग २०२१ च्या फेब्रुवारीच्या अगदी शेवटी रेकॉर्डेड फ्युचर नावाच्या अमेरिकन कंपनीचा रिपोर्ट आला की रेडएको नावाचा, चीनशी संबंध असलेला गट आपल्या वीज यंत्रणेच्या मागे लागलाय, पाचातली चार रिजनल लोड डिस्पॅच सेंटर्स (कुठे किती वीज सोडायची हे सांभाळणारी केंद्रं) आणि वर दोन बंदरं. न्यूयॉर्क टाइम्सने छापलं आणि दुसऱ्याच दिवशी आपले तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख महाराष्ट्र सायबरचा अहवाल घेऊन उभे राहिले, चौदा ट्रोजन (लपून आत शिरणारे व्हायरस) असावेत, आठ जीबी डेटा इकडचा तिकडे झालाय वगैरे. त्याच्या पुढच्या दिवशी केंद्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले असं काही नाही, मानवी चूक होती.

म्हणजे गाडीत अडकलो मी, आणि का अडकलो असेन याचा विषय सुद्धा निघाला तो अमेरिकेतून. माझं मत सरळ आहे, अमेरिका, जपान, इस्रायल, युरोप जे कोण माहिती देतील त्यांच्याशी सरकारने अजून घट्ट हातमिळवणी करावी, आपले तज्ज्ञ तिकडे, त्यांचे इकडे. सोनारानेच कान टोचावे म्हणतात ते उगाच नाही. तुम्हाला काय वाटतं?

स्वदेशी_सर्किट

सोनार कान टोचतो खरा, पण टोचताना घरात सोनं किती आहे तेही बघून जातो हे विसरलात.

पहिलं म्हणजे तुमची सुरुवातच चुकलीये. ऊर्जा मंत्रालयानेच तेव्हा सांगितलं होतं की सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने १९ नोव्हेंबर २०२० ला शॅडोपॅड मालवेअरबद्दल ईमेल केला होता आणि महत्त्वाच्या यंत्रणांची सायबर सुरक्षा बघणाऱ्या एनसीआयआयपीसीने १२ फेब्रुवारीला रेडएकोचं नाव घेऊन कळवलं होतं. रिपोर्ट छापून यायच्या आधी. आणि त्या अमेरिकन कंपनीने सुद्धा मुंबईच्या अंधाराशी थेट संबंध सिद्ध झालेला नाही असंच लिहिलं होतं, तो भाग आपल्याकडे कोणी वाचला नाही, हेडलाइन वाचून सगळे मोकळे.

दुसरं, मित्र मित्र काय करताय? स्वित्झर्लंडची क्रिप्टो एजी, जगभरच्या सरकारांना गुप्त संदेशाची यंत्रं विकायची, गिऱ्हाइकांत भारत पण होता आणि पाकिस्तान पण. २०२० मध्ये बाहेर आलं की कंपनीचे खरे मालक सीआयए आणि जर्मनीची गुप्तहेर संस्था. अनेक दशकं आपण पैसे देऊन आपलीच पत्रं त्यांना वाचायला देत होतो. आणि २००६ चं आठवा, भारत-अमेरिका सायबर सिक्युरिटी फोरम होता, सहकार्यासाठीच बनवलेला, त्यातूनच माहिती बाहेर गेल्याच्या आरोपावरून दिल्लीत अटका झाल्या. आरोपांचं पुढे काय झालं तो वेगळा विषय, पण दार कुठलं होतं ते बघा.

उरणकर

जेएनपीटीवर ट्रान्सपोर्टचं काम आहे माझं, पोर्टवाला म्हणून बोलतो. जून २०१७, नॉटपेट्या नावाचा व्हायरस. मर्स्क या जहाज कंपनीची सिस्टिम जगभर झोपली आणि त्यांच्याच ग्रुपचं टर्मिनल आपल्याकडे असल्यामुळे आपल्याकडची पण झोपली. कुठला कंटेनर कुठे आहे ते सांगणारं कोणी नाही, सगळं हाताने. ट्रेलरच्या रांगा लागलेल्या, ड्रायव्हर लोक गाडीखाली चटई टाकून झोपलेले. मला तेव्हा युक्रेन नकाशावर दाखवता आलं नसतं राव, आणि व्हायरस सुरू झाला होता तिकडच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून!

त्यामुळे आपण आपलं बघू हे बोलायला ठीक आहे. बंदरात आपलं असं काय असतं? जहाज एकाचं, बॉक्स दुसऱ्याचा, माल तिसऱ्याचा.

स्वदेशी_सर्किट

उरणकर, बरोबर उदाहरण दिलंत, आता पुढचं सांगतो. नॉटपेट्या एवढा पसरला त्यात एक मोठं हत्यार होतं इटर्नलब्लू. ते बनवलं कोणी? अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने. स्वतःसाठी बनवून ठेवलं, चोरीला गेलं, आणि तुमचे ड्रायव्हर चटईवर. हा तुमचा मित्र.

लोकलप्रवासी

आणि चोरी झाल्याचं कळल्यावर मायक्रोसॉफ्टला सांगितलं, ते भोक बुजवणारा पॅच मार्च २०१७ मध्येच आला होता हे पण सांगा की. पॅच टाकला नाही त्याला एनएसए काय करणार.

सर्ट-इनला आधी माहीत होतं हा मुद्दा मान्य, तो मला ठाऊक नव्हता, घाईत लिहिलं. पण मग गंमत बघा, दिल्लीला माहीत, मुंबईच्या गृहखात्याचं काहीतरी वेगळंच, आणि तुम्हाआम्हाला पेपरातून. कुडनकुलमच्या अणुवीज प्रकल्पात २०१९ ला हेच. आधी प्लांटने सांगितलं सायबर हल्ला शक्यच नाही, दुसऱ्या दिवशी तो चालवणाऱ्या एनपीसीआयएल या सरकारी कंपनीने मान्य केलं की हो, ऑफिसच्या नेटवर्कमधल्या एका पीसीत मालवेअर सापडलं होतं आणि सर्ट-इनने ४ सप्टेंबरलाच कळवलं होतं. ऑक्टोबर संपत आला तरी चकार शब्द नाही. बाहेरचे लोक मध्ये असले की निदान झाकून ठेवता येत नाही एवढा तरी फायदा.

पेठेतला_ग्राहक

पुण्याहून लिहितोय, कॉसमॉस बँकेत आमचं तीन पिढ्यांचं खातं. ऑगस्ट २०१८, ९४ कोटी गेले. २८ देशांतल्या एटीएममधून दोनेक तासांत ७८ कोटी काढले आणि जवळपास चौदा कोटी स्विफ्टने (बँकांची देशोदेशी पैसे पाठवायची यंत्रणा) हाँगकाँगला. ग्राहकांच्या खात्यातलं काही गेलं नाही, पण आई दोन दिवस पासबुक उशाशी घेऊन झोपली होती.

आता मला सांगा स्वदेशीराव, २८ देशांत कुठला पोलीस पाठवणार होता पुण्याचा? पुण्याच्या कोर्टात २०२३ मध्ये अकरा जणांना शिक्षा झाली, ते सगळे इथे कार्ड घालून पैसे काढणारे. बाहेरची टोळी हलवणारा एक जण कॅनडाचा, त्याला अमेरिकेत २०२१ मध्ये अकरा वर्षं आठ महिने बसवलं, त्याच्या गुन्ह्यांत २०१८ मधल्या एका भारतीय बँकेच्या एटीएम लुटीचे पैसे फिरवणं पण होतं, बँक कुठली ते पुणेकरांना सांगायला नको. हाँगकाँगहून काही कोटी परत आले ते पण तिकडच्यांनी अडवून ठेवले म्हणून.

आणि एवढं असून आपण सायबर गुन्ह्यांविरुद्धच्या बुडापेस्ट करारात नाही. २००१ चा करार आहे, श्रीलंका सुद्धा आहे त्यात. आपलं म्हणणं, बनवताना आम्हाला विचारलं नाही म्हणून सही नाही. लग्नाचं बोलावणं उशिरा आलं म्हणून रुसून बसलेल्या मामासारखं वाटतं मला तर.

स्वदेशी_सर्किट

पेठेतले काका, चोर पकडायला सहकार्य हवं याला माझा कधीच विरोध नव्हता. बँकेतून पैसे गेले तर गेले, परत येतात निदान काही. मी बोलतोय किल्लीबद्दल. नायरा एनर्जी, गुजरातमधली वाडीनारची रिफायनरी, जुलै २०२५. युरोपियन युनियनने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने त्यांचं ईमेल वगैरे बंद केलं. भारतातली कंपनी, भारतात रिफायनरी, पैसे भरलेले, भारताचा कुठलाही कायदा मोडलेला नाही! दिल्ली हायकोर्टात गेल्यावर सुरू झालं. रशियन भागीदार आहे त्यात हो, माहितीये, पण उद्या तिकडच्या कोणाला आपल्याच एखाद्या गोष्टीचा राग आला तर? हॅकर निदान चोरून येतो, इथे दारावर नोटीस सुद्धा नाही.

टवाळखोर

मग काय करायचं, ग्रिड परत कंदिलावर न्यायची? आमच्या गावात ऑलरेडी आहे, शून्य हॅकिंग.

जुना_वायरमन

वाचत होतो दोन दिवस, बोलणार नव्हतो पण कंदिलवाल्याने तोंड उघडायला लावलं. तीस वर्षं सबस्टेशनमध्ये काढली, कुठल्या कंपनीत ते सांगत नाही, आता निवृत्त आहे.

तुम्ही दोघं भांडताय ती दिल्ली आणि वॉशिंग्टनची गोष्ट आहे. माहिती कोणाकडून घ्यायची. मी सांगतो खाली काय होतं. वरून पत्र यायचं, त्याला जोडलेली अमुक आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) ब्लॉक करा अशी यादी, खाली सही शिक्का. आमच्या कंट्रोल रूममध्ये आयपी ब्लॉक करणं म्हणजे काय हे कळणारा माणूस एक, तो पण कॉन्ट्रॅक्टवरचा, तीन सबस्टेशन मिळून. पत्र फायलीला लागायचं, अनुपालन केले असं उलट पत्र जायचं. रिलेचा (बिघाड दिसला की लाइन तोडायला लावणारं उपकरण) पासवर्ड कंपनीने दिला तोच वर्षानुवर्षं, पॅनलच्या आतल्या बाजूला स्केच पेनने लिहिलेला, कारण रात्री तीनला ट्रिपिंग झालं की शोधत कोण बसणार. आणि रिले परदेशी कंपनीचा, बिघडला की त्यांचा इंजिनीअर कुठून तरी लांबून लाइनवर येऊन बघायचा. त्यासाठी राउटर चालू ठेवलेला, काम झाल्यावर बंद करायचा असतो, कोणी केला? मी पण नाही केला, खोटं कशाला बोलू.

म्हणून मला वाटतं बाहेरच्यांबरोबर सहकार्य कराच, पण फक्त मंत्र्यांच्या सह्या आणि दिल्लीतल्या वर्कशॉपपुरतं नको. अमेरिकेबरोबर २०१६ ला सायबरचा आराखडा झाला, रॅन्समवेअरविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय गटात आपण आणि लिथुआनिया मिळून एक काम बघत होतो, सगळं छान. त्यातलं आमच्या पॅनलपर्यंत काय आलं हा माझा प्रश्न आहे.

युक्रेनचं बघा. २३ डिसेंबर २०१५, हॅकर आत घुसले, ऑपरेटरच्या डोळ्यासमोर स्क्रीनवर माउस आपोआप फिरतोय आणि ब्रेकर, म्हणजे लाइनचे मोठे स्विच, एकेक उघडून लाइन तुटतायत, सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात. सहा तासांच्या आत सगळी लाईट परत आली. कशी? माणसं गाडी घेऊन सबस्टेशनला गेली आणि हाताने ब्रेकर लावले. अमेरिकेची टीम नंतर गेली, काय झालं ते बघितलं, दोन महिन्यांत सगळ्या जगाला कळेल असं लिहून काढलं. मला दोन्ही हवंय. आधी हाताने लावणारा माणूस आणि नंतर लिहून काढणारा.

स्वदेशी_सर्किट

वायरमनकाका, तुमचं पटतंय असं म्हणवत नाही पण पटतंय. फक्त तो लांबून लाइनवर येणारा इंजिनीअर, त्याचा राउटर, माझं भांडण तिथूनच सुरू होतं हो. तो पण सहकार्यच म्हणतो स्वतःला.

लोकलप्रवासी

काका, एक विचारायचं होतं. आपल्याकडे असं झालं आणि स्क्रीन गेल्या, तर हाताने लावणारी माणसं आहेत का अजून?

जुना_वायरमन

होती. आमच्या वेळी प्रत्येक शिफ्टला दोन ऑपरेटर आणि एक हेल्पर. आता बरीच सबस्टेशन्स लांबूनच चालवतात, गेटवर वॉचमन असतो फक्त. त्या सोमवारी मुंबईचं आयलँडिंग (बाहेरची ग्रिड गेली तरी मुंबई वेगळी काढून चालू ठेवायची सोय) टिकलं नाही ना, तेव्हा मला आमच्या जुन्या शिफ्टमधल्या एकाचा फोन आला, तो पण रिटायर. म्हणाला, बोलावतील का रे आपल्याला? मी बूट घालून बसलो होतो दुपारपर्यंत. कोणी बोलावलं नाही.