भाजलेल्या सफरचंदाच्या पदार्थाला पाणी सुटते. साखर कमी ठेवून तो कसा जमवावा?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)
नमस्कार. थंडीच्या दिवसांत रात्रीच्या जेवणानंतर आमच्याकडे काहीतरी गरम गोड लागते आणि शोध बहुधा कुंद्यावर, म्हणजे दुधाच्या बेळगावी मिठाईवर, येऊन थांबतो. सासऱ्यांना मधुमेह असल्यामुळे यंदा मी ओव्हनमध्ये फळाचा पदार्थ करून पाहिला. मूळ कृतीत खाली चार सफरचंदांच्या फोडी आणि वर मैदा, लोणी व साखर यांचा चुरा होता. त्यातील १५० ग्रॅम साखरेऐवजी मी तेवढाच गूळ घेतला आणि त्यातला निम्मा फोडींना चोळून अर्धा तास ठेवला. मैद्याऐवजी कणीक वापरली, आणि दालचिनी, लवंग व जायफळ यांची पूड वरच्या चुऱ्यात सढळ हाताने मिसळली. तळाशी वाटीभर पाणी साचले, वरचा थर ओलसर राहिला आणि चव कडवट झाली. सासऱ्यांनी ‘औषध चांगले आहे’ असे म्हणून वाटी संपवली, यावरून काय ते समजावे. चूक कोठे झाली असेल?

उत्तर (खानापूर)
ताई, पाण्याचे कारण आपल्याच कृतीत आहे. गूळ किंवा साखर चोळून फळ ठेवले की त्याला पाणी सुटणारच. मुरांब्यासाठी आपण तेच मुद्दाम करतो. फोडींना गूळ लावूच नये. त्या सालासकट, बोटाच्या पेराएवढ्या जाड कापाव्यात, वर थोडे लिंबू पिळावे आणि लगेच भांडे ओव्हनमध्ये ठेवावे.

दुसरे असे, की सफरचंद बाहेरून येणारे फळ; त्यात आपल्याकडचा पेरू मिसळून पाहावा. तीन सफरचंदांना एक मोठा, पिकलेला पण घट्ट पेरू पुरतो. पेरूत पेक्टिन, म्हणजे रस दाटवणारा घटक, भरपूर असतो, म्हणून तर त्याची जेली जमते. बियांचा गाभा वेगळा काढून अर्धी वाटी पाण्यात दहा मिनिटे उकळावा, गाळणीतून घोटून घ्यावा आणि तो दाट गर फोडींवर ओतावा. सुटणारा रस त्यात धरला जातो आणि कॉर्नफ्लोअर लागत नाही. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे भाजल्यावर भांडे पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे, कारण रस निवतानाच दाटतो. घरातील मुले एवढा वेळ थांबत नाहीत, ही वेगळी अडचण.

उत्तर (निपाणी)
पाण्याविषयी वरील उत्तर योग्य आहे. मला गुळाविषयी लिहायचे आहे. आमच्या चिकोडी-संकेश्वरकडच्या उसाच्या पट्ट्यात गूळ म्हणजे पथ्याचा, हा समज फार घट्ट आहे. प्रत्यक्षात १०० ग्रॅम साखरेतून सुमारे ३९० किलोकॅलरी मिळतात, तर तेवढ्याच गुळातून सुमारे ३८०. रक्तातील साखरही गुळाने वाढतेच. तेव्हा १५० ग्रॅम साखरेच्या जागी १५० ग्रॅम गूळ घेऊन सासऱ्यांसाठी काहीच बदललेले नाही. बदलायचे ते प्रमाण. फळ भाजताना त्यातील पाणी आटते आणि त्याचा स्वतःचा गोडवा पुढे येतो, म्हणून वरच्या चुऱ्यात दोन चहाचे चमचे गूळ पुरेसा होतो. फळातही साखर असतेच. सासऱ्यांची वाटी लहान असावी आणि ती जेवणातील भाताच्या बदल्यात धरावी, भाताच्या जोडीला नव्हे. सोबत आइस्क्रीमऐवजी पाणी निथळलेले घट्ट दही द्यावे.

उत्तर (रविवार पेठ, बेळगाव)
मसाल्याचा कडवटपणा दोन कारणांनी येतो. एक म्हणजे लवंगेचा अतिरेक, आणि दुसरे म्हणजे पूड वरच्या चुऱ्यात घातल्याने ती थेट आचेला लागून करपणे. मसाला फळात जावा, चुऱ्यात नव्हे. चार फळांना दालचिनीची पूड एक चहाचा चमचा, सुंठ पाव चमचा, लवंग फार तर एक, आणि जायफळ ऐन वेळी किसून चिमूटभर, एवढेच घ्यावे. हे सर्व चमचाभर कोमट तुपात कालवून फोडींना लावले तर वास सगळीकडे सारखा पोहोचतो. जायफळ आणि वेलची बहुधा गोडाच्या पदार्थांत खाण्याची आपल्या जिभेला सवय आहे, त्यामुळे कमी गोडही पुरेसे वाटते.

दालचिनी घेताना एवढे पाहावे: जाड, कडक, एकाच थराची साल ती बहुधा कॅशिया, आणि पातळ थरांची, बोटांनी चुरडणारी सुरळी ती सिलोनची. कॅशियात कुमारिन नावाचे द्रव्य बरेच जास्त असते व ते मोठ्या प्रमाणात यकृताला बाधते. महिन्यातून एकदा करणाऱ्याने त्याची काळजी करू नये. रोज खाणाऱ्याने सिलोनचीच घ्यावी.

प्रश्नकर्तीकडून (टिळकवाडी)
सर्वांचे आभार. काल पेरूचा गर घालून आणि दोनच चमचे गूळ घेऊन पुन्हा केले. वरच्या थरासाठी कणकेऐवजी अर्धी वाटी जोंधळ्याचे पीठ, अर्धी वाटी ओट्स, थोडे कुटलेले काजू आणि तीन मोठे चमचे तूप घेतले. पाणी अजिबात साचले नाही व कडवटपणाही गेला. सासऱ्यांनी लहान वाटीवर तक्रार केली, म्हणजे चव जमली असावी. एकच उणीव राहिली: चुऱ्याला जोंधळ्याची कच्चट चव लागते.

उत्तर (खानापूर)
पीठ आधी कोरडेच मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावे आणि पूर्ण निवल्यावरच त्यात थंड, थिजलेले तूप बोटांनी चोळावे. पातळ तूप ओतले तर चुरा होत नाही, लगदा होतो.