चट्टे गेले, पण खाजेचं काय?
सोरायसिसमध्ये (त्वचेवर लाल, खपलीदार चट्टे येणारा आजार) 'इंजेक्शन बदलल्यावर चट्टे गेले, म्हणजे काम झालं' असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. डॉक्टर ज्या 'पासी'च्या (सोरायसिस किती तीव्र आहे ते सांगणाऱ्या) आकड्याकडे बघतात त्यात लाली, जाडी, पापुद्रे आणि व्याप्ती मोजतात. खाज धरतच नाहीत. माझ्या बहिणीचं अडालिमुमॅब हे इंजेक्शन थांबवून सेक्युकिनुमॅब हे दुसरं सुरू केलं. कोपरं छान साफ झाली, पण डोक्याची खाज रात्री झोपू देईना, सकाळी उशीच्या अभ्र्यावर खपल्यांचा चुरा. तपासणीत हे कुणी विचारलंच नाही.

शेवटी तिनेच 'डीएलक्यूआय' (त्वचेच्या आजाराचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो ते मोजणारी) प्रश्नावली भरून नेली. १० प्रश्न, ३० पैकी गुण, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. गेल्या आठवड्यातली खाज, कपडे, कामधंदा, जवळीक सगळं त्यात येतं. मग डोक्यासाठी वेगळं औषध जोडलं गेलं. औषध बदलण्याआधी ही प्रश्नावली एकदा भराच, म्हणजे नंतर तुलना करता येते.