शब्दचर्चा : ‘ग्रँडफादर क्लॉज’

अदिती_के : आमच्या ऑफिसात रजेचे नियम बदललेत. मेलमध्ये लिहिलंय की जुने कर्मचारी ‘ग्रँडफादर्ड’ आहेत, म्हणजे आम्हाला जुनेच नियम. याचं मराठी परिपत्रक माझ्या गळ्यात पडलंय. यात आजोबा कुठे बसवू? त्यातून अमेरिकेतल्या टीमचं म्हणणं, हा शब्दच वापरू नका, त्याचा इतिहास वाईट आहे. काय भानगड आहे?

ओसरी : ‘जुन्या कर्मचाऱ्यांना पूर्वीचेच नियम लागू राहतील’ असं लिहा आणि मोकळ्या व्हा. आजोबांना त्रास नको.

दक्षिणवारा : भानगड मतदानाची आहे. जरा लांबण लावतो.

यादवी युद्ध संपलं आणि १८७० साली अमेरिकेत पंधरावी घटनादुरुस्ती झाली. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरून कुणाचा मताधिकार नाकारायचा नाही असं ठरलं (बायकांचा तेव्हा प्रश्नच नव्हता). दक्षिणेतल्या राज्यांना कृष्णवर्णीयांना मतपेटीपाशी येऊ द्यायचं नव्हतं, पण कायद्यात तसं उघड लिहायची सोय उरली नव्हती. मग आल्या आडवळणाच्या अटी : लिहिता-वाचता येतं का, मालमत्ता किती, मतदानाचा कर भरला का. मिसिसिपीने १८९० मध्ये नवी राज्यघटना करून वाट दाखवली. तिथे राज्यघटनेतलं एखादं कलम वाचून दाखवायचं, नाहीतर ऐकून त्याचा अर्थ सांगायचा. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार नोंदणी अधिकारी, आणि तो गोरा.

पण या चाळणीत गरीब, निरक्षर गोरेही अडकत होते. त्यांना दुखवून चालणार नव्हतं. म्हणून लुइझियानाने १८९८ च्या राज्यघटनेत एक पळवाट ठेवली. १ जानेवारी १८६७ ला किंवा त्याआधी ज्याला मताधिकार होता तो, त्याचा मुलगा किंवा नातू, यांना साक्षरतेची अट नाही आणि ३०० डॉलरच्या मालमत्तेचीही नाही. हेच ते आजोबांचं कलम.

आता तारीख बघा. कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार द्यायला दक्षिणेतल्या राज्यांना भाग पाडणारा केंद्राचा कायदा झाला मार्च १८६७ मध्ये. कलमातली तारीख त्याच्या दोनच महिने आधीची! त्या दिवशी लुइझियानात कृष्णवर्णीय माणसाला मत नव्हतं, मग तो दोन वर्षांपूर्वी गुलामीतून सुटलेला असो की जन्मापासून स्वतंत्र. वंशाचा उल्लेख अख्ख्या कलमात नाही.

राज्यात १८९६ च्या सुमारास १,३०,००० च्या वर कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०० साली उरले ५,००० च्या आसपास.

नातू_नं_२ : म्हणजे या कलमाने त्यांना बाहेर काढलं.

दक्षिणवारा : असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं, पण ते अर्धवट आहे. बाहेर काढलं ते अटींनी. कलमाने फक्त गोऱ्यांना त्या अटींतून सोडवलं. त्यामुळेच १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमाचं असंच कलम रद्द केलं, तरी लुइझियानात फारसं काही हललं नाही. अटी जागच्या जागी होत्या. (तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश व्हाइट मूळचे लुइझियानाचे, तरुणपणी यादवी युद्धात गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यात होते. माणसं सरळ रेषेत जगत नाहीत.)

ओक्लाहोमाची पुढची चलाखी तर आणखी भारी. १९१६ च्या कायद्याने ठरवलं की १९१४ च्या निवडणुकीत ज्यांनी मत दिलं ते आपोआप मतदार. बाकीच्यांनी १२ दिवसांत नोंदणी करायची, नाहीतर हक्क कायमचा गेला. १९१४ ला मत कुणी दिलं होतं? आजोबांच्या कलमाने आत घेतलेल्यांनी! हे रद्द व्हायला १९३९ उजाडलं. साक्षरता चाचण्यांना खरा आळा बसला तो १९६५ च्या मताधिकार कायद्याने.

ओसरी : अमेरिकेत कोर्टांनीही हा शब्द टाळायला सुरुवात केली आहे. मॅसेच्युसेट्सच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये बांधकाम परवानगीच्या एका खटल्यात ‘ग्रँडफादरिंग’ म्हणायला नकार दिला होता.

नातू_नं_२ : शब्द टाळून काय होणार? जुन्या ग्राहकांना ‘ग्रँडफादर्ड’ म्हणणाऱ्या मोबाइल प्लॅनवाल्याला लुइझियाना माहीतही नसतं.

दक्षिणवारा : प्लॅनवाल्याचं जाऊ द्या, त्याला ‘जुन्या ग्राहकांना जुनाच प्लॅन’ पुरतं. पण इतिहासावर लिहिताना मी ‘पूर्वहक्क संरक्षण’ असलं गुळगुळीत काही वापरणार नाही. तिथे ‘आजोबा-कलम’च हवं, कारण विचारलं तेच जात होतं : तुझ्या आजोबाला मत होतं का?

अदिती_के : परिपत्रकात ओसरींचं वाक्य घातलं. साहेबांनी विचारलं, एवढं सोपं कसं?