खड्ड्यांइतकाच दोष ब्रेकचाही
एसयूव्हीचे पुढचे सस्पेन्शन अकाली झिजले, की सारे खापर खड्ड्यांवर फोडले जाते, ते मला अर्धेच पटते. गतिरोधकावर चढतानाही ब्रेक दाबून ठेवला, की वजन पुढे झुकून स्प्रिंग आधीच दबते आणि त्यानंतरचा धक्का लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) रबरी बुशवर व बॉल जॉइंटवर (आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणाऱ्या फिरत्या सांध्यावर) अधिक जोराने बसतो. बॉल जॉइंटचे रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटले, की पावसाळ्यात चिखलपाणी आत शिरून ग्रीस धुऊन निघते. मग येणारा कटकट आवाज बहुधा आधी लिंक रॉडच्या, म्हणजे सस्पेन्शनमधल्या एका लहान जोडदांड्याच्या, माथी मारला जातो (तो स्वस्त पडतो, हेही खरेच). जॉइंट निखळला तर चाकच कोलमडते, म्हणून गाडी जॅकवर घेऊन, टॉमीने (लोखंडी पहारीने) आर्म हलवून ढिलेपणा तपासण्याचा आग्रह धरावा.