मुलीला डॉर्ममध्ये राहू द्यायचं का? (बी विंग ग्रुप)

बी-४०३ काकू: कोणी हिमाचलमध्ये त्या बॅकपॅकर हॉस्टेलात राहिलंय का? लेक आणि तिची मैत्रीण परीक्षा झाली की जिभी-मनाली करणार म्हणतायत. एका खोलीत सहा बेड आणि बाकीचे चार जण कोण ते पोचल्यावर कळणार म्हणे. ह्यांनी ऐकून नुसतं "हं" केलं 😅

बी-६०१: काकू मी राहतो नेहमी. बुक करताना फक्त "फीमेल डॉर्म" लिहिलंय ना ते बघायला सांगा, नुसतं डॉर्म असेल तर बहुतेक ठिकाणी मिक्स्ड असतो. आणि स्टार किती ते सोडा, मागच्या दोन-तीन महिन्यातले रिव्ह्यू वाचा, त्यातही एकट्या गेलेल्या मुलींनी लिहिलेले, कारण मॅनेजर बदलला की अख्ख्या जागेचा रागरंग बदलतो

बी-२०२ वहिनी: आणि कुलूप!! लॉकर देतात पण कुलूप आपलं न्यायचं. छोटं नंबरवालं घ्या, घरच्या दाराचं जाडजूड नेलं तर कडीत जातच नाही. अंघोळीला जातानासुद्धा फोन पाकीट आत

बी-४०३ काकू: म्हणजे चोऱ्या होतात?

बी-६०१: चोरीपेक्षा गडबडच जास्त हो, पहाटे पाचला कोणीतरी अंधारात बॅग भरतो आणि तुमचा चार्जर त्याच्याबरोबर निघून जातो. म्हणून आपलं सामान रात्रीच भरून ठेवायचं, सकाळी त्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चुरचुर केली की अख्खी खोली शिव्या घालते. इअरप्लग मात्र हवेतच, घोरणारं कोणीतरी असतंच 😂

बी-१०१ आजोबा: आमच्या वेळी यूथ हॉस्टेल असोसिएशनचा सार पासचा ट्रेक केला होता. कसोलला बेस कॅम्प. ताट, मग, डबा ज्याचा त्याचा, बायकांचे तंबू वेगळे, आणि रात्री बोर्नव्हिटा. शिस्त होती.

बी-६०१: आजोबा ते अजूनही आहे पण तो ट्रेकचा कॅम्प झाला, इथे शिस्त लावायला कोणी नसतं 🙂

बी-३०४: पाण्याचा टँकर आलाय का कोणी बघेल का

बी-२०२ वहिनी: आलाय, वॉचमनने वॉल्व्ह सोडलाय. काकू ओळखपत्र ओरिजिनल न्यायला सांगा, पॅन कार्ड चालत नाही कारण त्यावर पत्ता नसतो. आधार किंवा लायसन्स. आणि दोघींना १८ पूर्ण आहेत ना? बरीच हॉस्टेलं त्याखालच्यांना डॉर्म देत नाहीत

बी-४०३ काकू: आहेत दोघींना. दिल्लीहून रात्रीची व्होल्वो आहे

बी-६०१: मग जिभीसाठी मनालीपर्यंत जायचंच नाही, औटच्या बोगद्यापाशी उतरायचं आणि तिथून बंजारमार्गे बस नाहीतर टॅक्सी. कंडक्टरला रात्रीच सांगून ठेवा, झोपेत स्टॉप मागे जातो. पोचतील सकाळी आणि चेक-इन असतं दुपारी एक-दोनला, पण बॅगा ठेवून घेतात, आधी मेसेज करून विचारलेलं बरं. आणि खरं सांगू का, दोघीच असतील तर हिशोब करून बघा. बेडला साधारण ५०० ते १००० पडतात, सलग सुट्टी आली की अजून वर, दोन बेडचे पैसे एकत्र केले की जिभीत एखाद्या होमस्टेची वेगळी खोली मिळून जाते, वर घरचं जेवण. हॉस्टेलचा फायदा वेगळा, संध्याकाळी कॉमन रूममध्ये बसलं की जालोरी पासला, म्हणजे जिभीच्या वरच्या खिंडीत, जाणारे अजून दोघं-तिघं भेटतात आणि टॅक्सीचे पैसे वाटले जातात. मी म्हणेन जिभीत होमस्टे आणि मनालीत हॉस्टेल, म्हणजे दोन्ही बघून होईल

बी-५०३: मनालीत घेतलं तर ओल्ड मनालीत बघा, पण कॅफेच्या वरचं नको, रात्री उशिरापर्यंत गाणी चालू असतात.

बी-२०२ वहिनी: बेड खालचा मागायचा, वरच्यावर चढताना शिडी टोचते आणि रात्री बाथरूमला उतरायचं म्हणजे कसरतच. गादीची शिवण एकदा टॉर्च मारून बघायची, काळे ठिपके दिसले तर ढेकूण, लगेच खोली बदलून मागायची, लाजायचं नाही

बी-४०३ काकू: बापरे. ढेकणांचं ह्यांना सांगत नाही, बाकी होमस्टेवालं पटलंय त्यांना. विचारतायत पांघरूण आणि टॉवेल देतात का

बी-२०२ वहिनी: पांघरूण असतं. टॉवेलचे बऱ्याच ठिकाणी वेगळे पैसे. घरचा पंचा द्या, त्या थंडीत जाड टॉवेल दोन दिवस वाळत नाही