'वस्तीला राहणे' की 'मुक्काम करणे'?

खानापूरची लेक
परवाच गावाकडनं आले, आठ दिवस होते, आणि येताना एक शब्द डोक्यात घेऊन आले तो काही जाईना. आत्याच्या पंचाहत्तरीला घरातल्या सगळ्यांच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका छापायचं ठरलंय. माझ्या पानाचं पहिलंच वाक्य होतं, 'दर मे महिन्यात आम्ही आत्याकडं चार दिवस वस्तीला राहायचो.' पुण्यातली एक नातेवाईक सगळ्यांचं लिखाण तपासतीय, तिनं ते खोडून 'मुक्काम करायचो' केलं आणि वर फोन करून सांगितलं की वस्ती म्हणजे झोपडपट्टी, वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. तेव्हा मी हो म्हणून गेले.
पण ह्या खेपेला आत्याकडं गेल्यावर तिलाच ते पान वाचून दाखवलं तर पहिल्या ओळीलाच तिनं थांबवलं. "मुक्काम लष्कराचा असतोय गं. तू माझ्याकडं वस्तीला येत होतीस न्हवं?" आणि तिचा चेहरा असा झाला की पुढचं वाचवेना. हा शब्द फक्त खानापूर-बेळगावकडचा आहे का? आणि मी छापायला काय देऊ? पंधरा दिवस हातात आहेत.

पेठेतला
प्रमाण मराठीत 'मुक्काम'च. वस्ती म्हणजे लोकवस्ती, मनुष्यवस्ती, वाडी-वस्ती. 'वस्तीला राहणे' मला तरी कानडी वळण वाटतं, सीमाभागातल्या मराठीत असं बरंच येतं. पुस्तिका पुण्या-मुंबईत वाढलेली मुलंही वाचणार असतील तर त्यांना कळणारा शब्द ठेवा असं माझं प्रामाणिक मत.

तांबडी माती
कानडी कुठलं आलं यात? मी चंदगडचा, म्हणजे महाराष्ट्रातला, आमच्याकडं आजऱ्यापर्यंत सगळे वस्तीलाच राहतात. आणि 'वस्तीची गाडी' ऐकली नाही का कधी? दिवसातली शेवटची एसटी, सात-साडेसातला गावात यायची आणि तिथंच झोपायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात पडायचे, कुणाच्या तरी घरनं भाकरी-आमटीचा डबा जायचा आणि पहाटे साडेपाचला हॉर्न वाजला की दूधवाले, कॉलेजची पोरं, बाजारला जाणारी माणसं असं सगळं गाव त्या गाडीला. वस्तीच्या गाडीतनं पावणं उतरलं की आई न विचारता दोन मापटी तांदूळ जादा घ्यायची कारण आता हा माणूस सकाळपर्यंत कुठं जात नाही हे ठरलेलं. त्या गाडीला अजूनही कुणी 'मुक्कामाची बस' म्हटलं तर मला परक्या गावात उतरल्यागत वाटतं.

सीनाकाठ
आमच्या सोलापूरकडं वस्ती म्हणजे शेतातलं घर. गावातलं घर वेगळं आणि वस्ती वेगळी. 'दादा कुठंयत?' 'वस्तीवर.' म्हणजे मळ्यात. झोपडपट्टीचा काय संबंध, चांगली स्लॅबची घरं असतात वस्तीवर.

शाळामास्तर
मी बेळगावात टिळकवाडीत राहतो, बरीच वर्षं संस्कृत शिकवलं, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मूळ शब्द 'वसति', वस् म्हणजे राहणे या धातूवरून. अमरकोश या संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात त्याचे दोन अर्थ दिलेत, 'वसती रात्रिवेश्मनोः', म्हणजे वसति म्हणजे रात्र आणि वसति म्हणजे घर. रात्र हा अर्थ आधी दिलाय ते बघा. कालिदासाच्या रघुवंशाच्या सातव्या सर्गात इंदुमतीचं लग्न लावून अज परत निघतो तेव्हा तिचा भाऊ, विदर्भाचा राजा, त्याच्यासोबत वाटेत तीन 'वसती' राहतो आणि मग माघारी फिरतो. तीन रात्री. तुमच्या आत्या जे म्हणतात ते हेच आहे हो, कालिदासाच्या नेमक्या अर्थानं त्या बोलतायत. शहरात तो अर्थ हरवला आणि घरांचा पुंजका एवढाच राहिला, आणि आता ज्यांच्याकडं अर्थ हरवलाय ते ज्यांच्याकडं टिकलाय त्यांचं दुरुस्त करतायत, याचं मला वाईट वाटतं.

पेठेतला
सर, माहितीबद्दल मनापासून धन्यवाद, अमरकोशाचं माहीत नव्हतं. कानडी वळण हे मी मागे घेतो. पण व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही ना. आणि मुक्काम लष्कराचा हे काही पटत नाही, वारीत पालखीचा मुक्काम असतो, तिथं कुठलं लष्कर आलं?

स्वभाषा
मुक्काम अरबी आहे, एवढं एकच कारण तो काढायला पुरेसं आहे. आपला संस्कृतातनं आलेला शब्द जिवंत असताना बाहेरचा कशाला? शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश कशासाठी करवला होता मग?

तांबडी माती
असं काढायला बसलात तर तारीख, वकील, हवा सगळंच जाईल. मला वस्ती पाहिजे ती आई म्हणायची म्हणून. अरबी-संस्कृत काही माहीत नसताना ती बरोबरच बोलत होती.

स्वभाषा
तारखेला दिनांक मिळालाच ना. सावरकरांनी दिला आणि आज प्रत्येक अर्जावर आहे. प्रयत्न केला की रुजतं.

तांबडी माती
अर्जावर आहे. घरात 'आज दिनांक किती' असं कोण विचारतं ते सांगा.

किल्ल्याजवळची
माझं बालपण बेळगावच्या किल्ल्याजवळ गेलं. आमच्या शेजारच्या जैन आजी रोज सकाळी 'बस्तीला जाऊन येतो' म्हणून निघायच्या. बस्ती म्हणजे जैन मंदिर, किल्ल्यातली कमल बस्ती, १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली, छताला दगडात कोरलेलं ते मोठं कमळ लोंबतंय त्यावरनं नाव. कन्नडमध्ये बसदि म्हणतात. मला लहानपणी वाटायचं आजी रोज कुणाच्या तरी घरी वस्तीला जातात आणि तासाभरात परत कशा येतात! सर, बस्ती आणि वस्ती एकच ना?

शाळामास्तर
एकच. वसति वरून बसदि, बसदि वरून आपली बस्ती. मुनींनी राहायची जागा, नंतर देऊळ. म्हणजे बेळगावात एकाच शब्दाची वेगवेगळी रूपं रोजच्या वापरात आहेत आणि वेगळ्या कामांना आहेत. आणखी एक, प्रत्ययाकडं लक्ष द्या. वस्तीत राहतो म्हणजे मोहल्ल्यात, वस्तीवर राहतो म्हणजे सीनाकाठ म्हणतात तसं मळ्यात, आणि वस्तीला राहतो म्हणजे रात्रीपुरता. एवढी सोय आहे, गैरसमज व्हायचं कारण नाही.

धारवाडात तीस वर्षं
इकडं कन्नड शेजारी सुद्धा 'वस्ती इर्री' म्हणूनच आग्रह करतात, राहा आजची रात्र म्हणून. मराठीतनं तिकडं गेला का संस्कृतातनं सरळ दोघांकडं आला हे मला सांगता येणार नाही पण एक नक्की, ह्या भागात पाहुण्याला थांबवायचा शब्द दोन्ही भाषांना एकच आहे. आणि निरोपाचंही बघा, ते म्हणतात 'होगि बर्तीनि', आपण म्हणतो 'जाऊन येतो'. नुसतं 'जातो' दोघंही म्हणत नाहीत.

खानापूरची लेक
निरोपाचं काढलंत म्हणून सांगते. बेळगावच्या वडगावात माझी शाळेतली मैत्रीण आहे, घरात माग होते त्यांच्या, लहानपणी तिच्याशी बोलायचं तर त्या खडखडाटात ओरडून बोलायला लागायचं. ह्या खेपेला बावीस वर्षांनी गाठ पडली. उठताना मी म्हटलं, "बरं, येतो गं." माझी लेक पुण्यात वाढलीय, ती तिथल्या तिथं म्हणाली, "आई, येते म्हण, तू काय पुरुष आहेस?" मैत्रीण काही बोलली नाही पण दारापर्यंत येऊन तिनं लेकीला जवळ घेतलं आणि सांगितलं, "आमच्याकडं बायका 'मी येतो, मी करतो' असंच म्हणतात बाळ, तुझी आज्जी पण असंच म्हणत होती." पुण्यात मी पंधरा वर्षं न चुकता 'येते-जाते' म्हणते. खानापूर रोडला लागलं की आपोआप 'येतो' होतं, मला कळतही नाही.

पेठेतला
हे मात्र व्याकरणाच्या दृष्टीनं चूकच म्हणावं लागेल. स्त्रीलिंगी कर्त्याला 'येते'.

किल्ल्याजवळची
चूक कसं? बेळगाव, कोल्हापूर, निपाणी, सगळीकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या बोलतायत. एवढ्या बायका एकदम चुकतात का? मला तर 'मी जाते' म्हणताना कुणाची तरी नक्कल केल्यासारखं वाटतं. कॉलेजला पुण्यात आले तेव्हा पहिलं वर्ष मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. एकदा 'मी काय करूलालो बघा', म्हणजे 'काय करतेय', असं निघून गेलं आणि पूर्ण बाक हसला. घरी आले की आई विचारायची तिकडं काय बोलतीस, तर मी सांगायची काहीच नाही.

स्वभाषा
करूलालो, जाऊलालो हे तर कोशात पण मिळणार नाही. इतकं सैल सोडायचं म्हटलं तर प्रमाणभाषा कशाला ठेवायची?

तांबडी माती
प्रमाणभाषा अर्जाला, पेपरला, परीक्षेला. आत्याच्या पंचाहत्तरीला कशाला?

धारवाडात तीस वर्षं
यात एक आमचं दुखणं आहे ते सांगतो, राग धरू नका. इकडं मराठी टिकवायची म्हणून आमच्या आईवडलांनी काय काय केलं ते आम्हाला माहीत आहे. १९५६ ला राज्यं झाली तेव्हापासून ज्यांच्या घरात सीमाप्रश्नाचा विषय रोज जेवताना निघतो त्यांनी पुण्यात गेल्यावर ऐकायचं की तुमची मराठी कानडी आहे. आणि हो, आहे त्यात कानडी, लाज कशाची? अण्णा, अक्का, तूप हे शब्द पुण्यातल्या घरातही आहेत ना, ते कुठनं आले?

खानापूरची लेक
सगळ्यांचं वाचतीय, खूप मिळालं. पण माझं वाक्य तसंच आहे. वस्तीला ठेवू का मुक्काम? तपासणाऱ्या बाईंचा मेसेज आलाय की 'वस्तीला' लिहून कंसात 'मुक्कामाला' लिहूया.

सौंदत्तीची वाट
वस्तीवरनं मला आज्जीची आठवण आली. ती बैलगाडीनं यल्लम्माच्या डोंगराला, सौंदत्तीला जायची. अंतर मैलात कधीच सांगायची नाही. "जायाला तीन वस्त्या, यायाला तीन वस्त्या." कुठल्या गावात वस्ती, तिथं कुणाच्या अंगणात गाडी सोडायची, बैलांना पाणी कुठं, कुणाच्या चुलीवर भात शिजवायचा हे सगळं ठरलेलं, आणि त्या घरांशी रक्ताचं नातं काही नाही, दरवर्षी वस्तीला उतरायचं एवढंच नातं. लग्नाला आमंत्रण जायचं त्यांना! सर म्हणाले ना तीन वसती, ते वाचलं आणि दोन मिनिटं तसाच बसलो. आज्जीला अक्षरओळख नव्हती.

शाळामास्तर
तीन वस्त्या! रात्री मोजायचं हे अनेकवचन मी पुस्तकात वाचलं होतं, घरातलं ऐकलं नव्हतं. आणखी कुणी ऐकलंय का? कुठल्या गावचं तेवढं सांगा, लिहून ठेवतो.

निपाणी
आमच्याकडं दोन्ही चालतात. माझे वडील तंबाखूच्या व्यापारानिमित्त फिरायचे, ते कामाला गेले की 'कराडात मुक्काम आहे' म्हणायचे आणि मावशीकडं गेले की 'वस्तीला राहतो'. लॉजवर मुक्काम, माणसाकडं वस्ती. मी तरी असाच फरक करतो पण माझी बायको गडहिंग्लजची, ती म्हणते असं काही नसतं.
वर कुणीतरी 'गाठ पडली' म्हटलंय, ते वाचून बरं वाटलं. मुंबईत मी एकाला 'उद्या गाठ पडूया' म्हटलं तर त्याला कळलंच नाही.

पेठेतला
लॉजवर मुक्काम, माणसाकडं वस्ती, हा फरक खरा असेल तर आत्यांचं म्हणणं मला समजलं. तरी कंस नको, वाक्य अडखळतं. माझं मत अजून मुक्कामच, पण माझं मत चाललं नाही तरी चालेल.

तांबडी माती
कंस नको हे बरोबर. आता खरं सांगायचं तर वस्तीला कोण राहतं? गाडी दारात, चार घरं एका दुपारी करायची, प्रत्येक घरात अर्धा कप चहा आणि 'उभ्याउभ्याच आलोय, परत निवांत येतो'. ते निवांत काही येत नाही. मी पण तेच करतो. गेल्या दिवाळीत मामा म्हणाला, "अंथरूण काढून ठेवलंय", आणि मी गाडी सुरू केली होती.

खानापूरची लेक
मामाचं वाचून मला राहवलं नाही, मी पण ह्या खेपेला आत्याकडं एकच रात्र होते. आत्ता फोन लावला. म्हटलं दिवाळीला येतो. तिनं बाकी काही विचारलं नाही, "किती वस्त्या ते आधी सांग, त्या हिशेबानं भात मिलला टाकतो." मी तीन सांगितल्या. पानाचं नंतर बघते, रविवारी द्यायचंय.

सीनाकाठ
एक विचारू का, भात मिलला टाकतो म्हणजे? आमच्याकडं भात म्हणजे ताटातला, शिजलेला. मिलला टाकतात ती साळ. तुमच्याकडं दोन्हीला भातच म्हणतात का?

किल्ल्याजवळची
हो, शेतात उभा असतो तोही भात, पोत्यात भरतो तोही भात. टरफल निघालं की तांदूळ, आणि शिजला की परत भात.

स्वभाषा
साळ हा शाली वरून, तोच जुना आणि शुद्ध. भात मूळचा भक्त, म्हणजे शिजलेलं अन्न, शेतातल्या पिकाला तो लावणं बरोबर नाही.

तांबडी माती
झालं, आता आमच्या शेतात काय उगवतं ते पण तुम्हीच ठरवा.