मदत हवी आहे - हॉलमध्ये मुलीसाठी खेळायचा कोपरा

नमस्कार मंडळी, मुलगी पावणेदोन वर्षांची आहे, वन बीएचके आहे आणि तोही भाड्याचा, म्हणजे भिंतीला खिळा ठोकायची सोय नाही. हॉलच्या खिडकीखाली साधारण ५ बाय ६ फूट जागा निघतेय, तिथे तिचा कोपरा करायचा विचार आहे. आत्ता काय होतं, सगळी खेळणी एका मोठ्या टबात, ती टब उपडा करते, दोन मिनिटं बघते आणि थेट किचनमध्ये डबे वाजवायला. वाटी-चमचा आणि कुकरची शिट्टी यांच्यापुढे बाकी सगळं फिकं!

एका मैत्रिणीने सांगितलं की चार-पाचच खेळणी समोर ठेव, बाकीची लपव आणि आठवड्याने बदल. कोणी करून बघितलंय का, खरंच फरक पडतो? खाली काय घालावं, ते जोडायचे फोमचे तुकडे घेतले तर ही कडा कुरतडून खाणार याची मला खात्री आहे, त्यापेक्षा सतरंजी बरी का, पण ती फरशीवर सरकते. बुटकं शेल्फ भिंतीला न ठोकता पक्कं कसं बसवायचं, कारण ही बाई त्यावर चढणारच.

सावंतवाडीची लाकडी भातुकली घ्यायची खूप इच्छा आहे पण त्यातले बारके तुकडे तीन वर्षांच्या आत नकोतच ना? आयएसआय मार्क २०२१ पासून खेळण्यांना सक्तीचा आहे, तरी रस्त्यावरच्या स्टॉलवर तो दिसत नाही, मग तुम्ही कुठून घेता? बजेट तीनेक हजार. फोटो असतील तर प्लीज टाका.